बागेतील बैठकीच्या जागेसाठी जपानी मेपल निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागेत बसण्यासाठी बाक, ओटा किंवा फरसबंद चौक करायचा ठरला की त्याच्या कडेला कोणते झाड असावे हा प्रश्न ओघानेच येतो. थोड्या जागेत मावणारे, वाढीला संथ आणि प्रत्येक ऋतूत वेगळे दिसणारे झाड म्हणून जपानी मेपलचा विचार बहुतेकांच्या मनात असतो. खालील उत्तरे बैठकीची जागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मोकळ्या मैदानात किंवा फाटकाशी लावायच्या झाडाला यांतले काही निकष लागू होणार नाहीत.

जपानी मेपल म्हणजे नेमके कोणते झाड?

साधारणपणे या नावाने एसर पाल्मेटम ही जात ओळखली जाते. जपान आणि कोरिया हे तिचे मूळ प्रदेश. 1775 आणि 1776 मध्ये जपानात राहिलेल्या कार्ल पेटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1784 मध्ये तिला हे शास्त्रीय नाव दिले. पान हाताच्या पंजासारखे, पाच, सात किंवा क्वचित नऊ बोटांत विभागलेले असते. रोपवाटिकांमध्ये एसर जापोनिकम आणि एसर शिरासावानम या दोन जवळच्या जातीही याच नावाखाली मिळतात. त्यांची पाने अधिक गोलाकार आणि जास्त खंडांची असतात. जपानी बागवानांनी कित्येक शतके वेगवेगळी रोपे निवडून जपल्यामुळे आज नावाने ओळखली जाणारी वाणे हजाराहून अधिक आहेत. त्यामुळे “जपानी मेपल हवे आहे” एवढे सांगून काम भागत नाही. एका वाणाचे झाड पूर्ण वाढल्यावर कमरेएवढे राहते, तर दुसऱ्याचे दुमजली घराच्या छपरापर्यंत पोचते.

आमच्याकडील हवामानात हे झाड टिकेल का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, कारण याचे उत्तर नकारार्थी आले तर पुढचे सगळे वाचण्याची गरज उरत नाही. हे समशीतोष्ण प्रदेशातले पानगळीचे झाड आहे. हिवाळ्यात काही आठवडे खरी थंडी मिळाली, पाने गळून झाड सुप्तावस्थेत गेले, तरच वसंतात त्याला नीट पालवी फुटते. जमिनीत मुरलेले निरोगी झाड उणे 20 अंश सेल्सिअसची थंडी सोसू शकते. पण वर्षभर उबदार राहणाऱ्या सपाट प्रदेशात ते पहिल्या वर्षी बरे दिसते, नंतर दर उन्हाळ्यात करपत जाते आणि हळूहळू खालावते. अशा ठिकाणी सावलीचे जाळे, पाण्याचे फवारे किंवा जास्त खत यांनी थंडीची उणीव भरून निघत नाही.

ज्यांच्याकडे थंडी पडत नाही, त्यांनी मेपलचा हट्ट सोडून त्याच धाटणीचे दुसरे झुडूप शोधावे हे माझे स्पष्ट मत आहे. मेपलसारखी खाचदार, गडद लाल पाने असलेली एक जास्वंदवर्गीय वनस्पती, हिबिस्कस असेटोसेला, उष्ण हवेत उत्तम वाढते. मात्र कोणी तीच “लाल मेपल” म्हणून विकत असेल तर फांदीवरील पानांची मांडणी पाहावी. मेपलची पाने फांदीवर समोरासमोर, जोडीने येतात; जास्वंदाच्या कुळात ती एकाआड एक येतात. ही खूण पान, रंग किंवा विक्रेत्याचा शब्द यांपेक्षा खात्रीची आहे.

आधी वाण ठरवावे की जागा?

जागा. त्याही आधी, आपण त्या जागेत दिवसाच्या कोणत्या वेळी आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यांत बसणार आहोत हे ठरवावे. सकाळच्या चहापुरती बैठक असेल तर एक झाड योग्य ठरते, संध्याकाळी उशिरापर्यंत पाहुण्यांसह बसायचे असेल तर दुसरे. आणि हिवाळ्यात कोणी बाहेर बसतच नसेल, तर झाड घराच्या खिडकीतून कसे दिसते याचा विचार करावा लागतो. सोपा उपाय असा, की खरेदीपूर्वी नियोजित जागी एक खुर्ची मांडावी आणि झाडाच्या संभाव्य जागी उंच काठी रोवून काही दिवस वेगवेगळ्या वेळी तिथे बसून पाहावे. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतात. उभे राहून आवडलेले झाड बसल्यावर नुसते खोड दाखवते, किंवा उलट समोरचा सगळा देखावाच झाकून टाकते, हा अनुभव पुष्कळांना झाड लावल्यानंतर येतो.

झाड बैठकीच्या कोणत्या बाजूला असावे?

जपानी मेपलची पाने अतिशय पातळ असतात, आणि त्यांचे खरे सौंदर्य त्यांच्यावर पडणाऱ्या उजेडापेक्षा त्यांच्यातून येणाऱ्या उजेडात असते. सूर्य पाठीशी घेऊन पाहिलेले लाल झाड पुष्कळदा मंद, तपकिरी भासते. तेच झाड सूर्य आणि आपण यांच्या मध्ये आले की प्रत्येक पान उजळून निघते आणि शिरा मोजता येतात. म्हणून संध्याकाळी बसणाऱ्यांनी झाड बैठकीच्या पश्चिमेला आणि सकाळी बसणाऱ्यांनी पूर्वेला असावे असा प्रयत्न करावा. पश्चिमेच्या झाडाचा आणखी एक फायदा म्हणजे मावळतीचे तिरपे ऊन थेट डोळ्यांवर येत नाही.

मात्र झाडाची गरज याच्या थोडी विरुद्ध जाते. त्याला सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारनंतर सावली मानवते. पश्चिमेचे कडक ऊन आणि कोरडा वारा यांनी पानांच्या कडा करपतात. यातून मार्ग असा, की पश्चिमेला लावायचे असल्यास त्याच्याही पलीकडे, दहाबारा मीटरवर, एखादे मोठे झाड किंवा इमारत असावी. त्यामुळे दुपारचा सर्वांत तापदायक भाग अडवला जाईल आणि शेवटच्या तासाभराचे ऊन फांद्यांखालून किंवा बाजूने येईल. तसे काही नसेल आणि उन्हाळा कडक असेल, तर पूर्वेची किंवा उत्तरेची जागा पत्करावी. दिशांचा हा हिशेब उत्तर गोलार्धाचा आहे. दक्षिण गोलार्धात उत्तर आणि दक्षिण यांची अदलाबदल करावी, पूर्व आणि पश्चिम तशाच राहतात.

पाहण्याची उंचीही दिशेइतकीच महत्त्वाची आहे. क्योटोच्या तोफुकुजी मंदिरात त्सूतेनक्यो नावाच्या झाकलेल्या पुलावरून दरीतली मेपलची झाडे पाहिली जातात. तिथे माणूस वर आणि शेंडे खाली असल्यामुळे सलग रंग दिसतो, एकेक झाड दिसत नाही. याउलट अमेरिकेतील पोर्टलंड जपानी उद्यानातल्या प्रसिद्ध झुकत्या मेपलची छायाचित्रे घेण्यासाठी लोक जमिनीलगत वाकतात, कारण त्याची सगळी किमया पानांच्या छत्राखाली दिसणाऱ्या वळणदार फांद्यांत आहे. आपली बैठक उंच ओट्यावर आहे की जमिनीलगत आहे, यावरून आपल्याला झाडाचा माथा दिसणार की फांद्यांची आतली रचना दिसणार हे ठरते.

उभट वाढणारे झाड घ्यावे की झुकत्या फांद्यांचे?

डोक्यावर सावली हवी असेल तर उभट. डोळ्यांसमोर पाहण्यासारखे काही हवे असेल तर झुकते. उभट वाणांच्या खालच्या फांद्या टप्प्याटप्प्याने काढून सुमारे दोन ते सव्वादोन मीटर उंचीखालचा भाग मोकळा करता येतो आणि मग त्याखाली खुर्च्या मांडता येतात. तळापासून अनेक खोडे फुटलेले उभट झाड बैठकीला आडोसाही देते आणि आरपार नजरही जाऊ देते; लहान बागेत हाच आकार मला सर्वांत उपयोगी वाटतो.

झुकत्या, बारीक चिरलेल्या पानांच्या वाणांना डिसेक्टम गटातली वाणे म्हणतात. ती उंच होण्यापेक्षा आडवी पसरतात आणि त्यांची उंची बरीचशी कलम किती उंचीवर बांधले आहे, किंवा लहानपणी शेंड्याला काठीचा आधार दिला होता का, यावर अवलंबून असते. त्यांच्याखाली बसता येत नाही. ती बैठकीसमोर तीन-चार मीटरवर, शक्य असल्यास थोड्या उंचवट्यावर लावावीत, म्हणजे फांद्यांना खाली उतरायला वाव मिळतो. वाटेच्या अगदी काठाला लावलेले झुकते झाड काही वर्षांत वाट अडवते, आणि मग ते कडेने सरळ कापले जाते. त्यानंतर त्याचा आकार पुन्हा येत नाही.

लाल पानांचे वाण अधिक शोभते का?

मागणी लाल पानांनाच सर्वाधिक आहे, पण बैठकीच्या जागेसाठी मी हिरव्या पानांकडे अधिक झुकतो, आणि याची कारणे व्यवहारी आहेत. लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो आणि ते तयार होण्यासाठी पुरेसा उजेड लागतो. झाडाला सोसेल अशी सावली दिली की लाल वाण हिरवट, कांस्य धातूसारखे मळकट होते. रंग टिकवण्यासाठी उन्हात ठेवले की कडा करपतात. हिरव्या वाणांना हा पेच फारसा पडत नाही. शिवाय गडद लाल झाड सावलीत किंवा काळपट भिंतीसमोर जवळजवळ नाहीसे होते, तर हिरव्या पानांखालची सावली डोळ्यांना निवांत वाटते.

शरद ऋतूतला रंग हा स्वतंत्र विषय आहे. हिरव्या पानांतले हरितद्रव्य विरू लागले की आधीपासून असलेली पिवळी-नारिंगी द्रव्ये दिसू लागतात आणि लाल रंग त्या वेळी पानातल्या साखरेच्या साहाय्याने नव्याने तयार होतो. स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गोठण्याच्या वर राहणाऱ्या गार रात्री लाभल्या तर हा रंग सर्वांत तेजस्वी उतरतो. म्हणजे उन्हाळाभर हिरवे असलेले झाड शरदात भडक लाल होऊ शकते. ज्यांना लाल हवाच आहे पण वर्षभर नको, त्यांच्यासाठी ही उत्तम सोय आहे.

मग प्रत्यक्षात कोणती वाणे पाहावीत?

ज्या झाडाखाली बसायचे आहे, त्यासाठी ‘ओसाकाझुकी’ हे माझ्या यादीत पहिले नाव आहे. त्याची पाने मोठी, हिरवी असतात, आकार पसरट-गोल असतो, उंची चार ते सहा मीटरपर्यंत जाते, आणि शरदातला त्याचा किरमिजी रंग इतर वाणांना मापदंड म्हणून वापरला जातो. बऱ्यापैकी सावलीतही तो उतरतो. हिवाळ्यात खिडकीतून पाहायचे असेल तर ‘सांगो-काकू’ घ्यावे. पाने गळल्यावर त्याच्या कोवळ्या फांद्या पोवळ्यासारख्या लाल दिसतात आणि शरदात पाने पिवळी होतात. मात्र लाल रंग कोवळ्या फांद्यांवरच गडद असतो, जुने खोड फिके पडते, आणि या वाणात फांद्यांचे शेंडे वाळण्याची तक्रार इतरांपेक्षा जास्त आढळते.

बारीक चिरलेली पाने आवडतात पण झुकता आकार नको, अशांसाठी ‘सेइर्यू’ आहे. डिसेक्टमसारखी पाने असूनही ते उभट वाढते, आणि या जोडीमुळेच त्याची सावली विलक्षण हलकी पडते. अगदी लहान चौकासाठी ‘शिशिगाशिरा’ पाहावे. त्याची कुरळी, दाट, जाडसर पाने फांदीला चिकटून बसतात, वाढ फार संथ असते आणि रंग इतरांनंतर येतो.

लाल पानांत ‘ब्लडगुड’ रंग चांगला टिकवते आणि सुमारे पाच मीटर उंच होते. वसंतात उशिरा हिमकण पडणाऱ्या भागात ‘एम्परर वन’ बरे, कारण त्याची पालवी जरा उशिरा फुटते. याच कारणासाठी, फार लवकर पालवणारे ‘कात्सुरा’ कितीही मोहक असले तरी अशा भागात टाळावे. झुकत्या आकारात लालसाठी ‘तामुकेयामा’ किंवा ‘क्रिमसन क्वीन’ आणि हिरव्यासाठी ‘विरिडिस’ ही खात्रीची नावे आहेत. एसर शिरासावानममधले सोनेरी पानांचे ‘ऑरियम’ आणि एसर पाल्मेटममधले पांढऱ्या ठिपक्यांचे ‘उकिगुमो’ सावलीचा कोपरा उजळवतात, पण कडक उन्हात दोन्ही टिकत नाहीत.

फरशीपासून आणि बाकापासून किती अंतर ठेवावे? मुळे फरशी उचलतील का?

या झाडाची मुळे तंतुमय, उथळ आणि तुलनेने सौम्य असतात. वड-पिंपळासारखी भिंती फोडणारी नसतात. मध्यम उंचीच्या वाणांसाठी फरशीच्या कडेपासून दीड ते दोन मीटर, मोठ्या वाणांसाठी अडीच ते तीन मीटर अंतर पुरते. अंतर ठरवताना रोपाचा आजचा नव्हे, पूर्ण वाढीचा घेर धरावा.

खरा धोका उलट दिशेने असतो. फरशीखाली माती धुम्मसाने ठोकलेली असते, तिच्यात हवा आणि पाणी शिरत नाही, आणि फरशी तापली की कडेची माती भाजून निघते. बांधकामानंतर उरलेली वाळू, चुना आणि सिमेंटचा चुरा त्याच खड्ड्यात ढकलला जातो, ज्यामुळे मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा) वाढतो. मेपलला तर साधारण 5.5 ते 6.5 सामूची, किंचित आम्लधर्मी माती हवी असते. म्हणून बैठक आणि झाड दोन्ही नवे असतील तर बांधकाम आधी पूर्ण करावे, मलबा खणून काढावा आणि मगच झाड लावावे. शक्य असेल तिथे झाडाच्या बाजूची फरशी सिमेंटने न सांधता वाळूवर मोकळी बसवावी.

कुंडीत लावले तर चालेल का?

चालेल, आणि भाड्याच्या घरात किंवा गच्चीवर तोच पर्याय असतो. डिसेक्टम आणि खुज्या वाणांना कुंडी चांगली मानवते. कुंडीला तळाशी मोठी भोके असावीत, ती पायांवर थोडी उचललेली असावी, आणि झाडाच्या सध्याच्या मुळांपेक्षा फार मोठी नसावी, कारण रिकाम्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात. कुंडीतली मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा लवकर गोठतात आणि लवकर तापतात, हे मात्र विसरू नये. कडाक्याच्या थंडीत कुंडी भिंतीच्या आडोशाला हलवावी. घरात, उबेत मुळीच नेऊ नये, कारण सुप्तावस्था मोडते. दर दोन-तीन वर्षांनी, पालवी फुटण्यापूर्वी, झाड काढून कडेची मुळे थोडी छाटावीत आणि माती बदलावी.

या झाडाखाली कचरा, चिकटपणा किंवा किडे यांचा त्रास होतो का?

इतर सावलीच्या झाडांच्या मानाने कमी होतो, पण अजिबात होत नाही असे नाही. फळे रसाळ नसल्यामुळे फरशीवर डाग पडत नाहीत. पंख असलेली बी भिंगरीसारखी फिरत खाली येते आणि फरशीच्या सांध्यांत रुजते. ती रोपे लहान असतानाच उपटावीत. पानगळ दोन-तीन आठवड्यांत आटोपते. ओल्या दगडी फरशीवर पाने साचून राहिली तर निसरडे होते, तेवढी काळजी घ्यावी.

चिकटपणाचे कारण मावा ही कीड असते. ती कोवळ्या पालवीतला रस शोषते आणि गोडसर, चिकट द्रव खाली टाकते. तो टेबलावर आणि गाद्यांवर पडतो, नंतर त्यावर काळी बुरशी धरते. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारणे बहुतेक वेळा पुरते. नत्रयुक्त खताचा मारा केलेल्या झाडावर मावा हमखास वाढतो, म्हणून बैठकीजवळच्या मेपलला खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. बसण्याच्या जागेवर विषारी फवारणी करणे कोणत्याच दृष्टीने शहाणपणाचे नाही.

जवळ शेकोटी, बार्बेक्यू किंवा दिवे ठेवता येतील का?

शेकोटी आणि बार्बेक्यू फांद्यांच्या घेराबाहेर, वाऱ्याची नेहमीची दिशा पाहून आणि किमान तीन मीटर दूर असावेत. गरम, कोरड्या हवेचा एक झोत मिळाला तरी त्या बाजूची पाने दुसऱ्या दिवशी कुरकुरीत होतात, आणि कोवळ्या सालीला बसलेली झळ कायमची असते. दिव्यांच्या बाबतीत, कमी उष्णतेचे, पिवळसर प्रकाशाचे एलईडी दिवे खोडापासून दूर, जमिनीवरून वर रोखलेले असावेत. फांद्यांना तारा किंवा पट्ट्या घट्ट गुंडाळू नयेत. साल जाड होत जाते आणि तार आत रुतते. पोहण्याच्या तलावाचे पाणी झाडावर उडणार असेल तर ती जागाच बदलावी.

रोपवाटिकेत रोप कसे पारखावे?

आधी बुंधा पाहावा. नावाची वाणे कलमी असतात, आणि कलमाचा सांधा खोडावर तिरपी किंवा फुगीर रेघ म्हणून दिसतो. तो स्वच्छ भरलेला असावा. तिथे भेग, डिंकासारखा स्राव किंवा काळा डाग असेल तर रोप सोडून द्यावे. सांध्याच्या खालून, खुंटावर फुटलेल्या फांद्यांची पाने वेगळी दिसतात आणि त्या ठेवल्या तर काही वर्षांत मूळ वाणावर कुरघोडी करतात.

त्यानंतर विक्रेत्याला विनंती करून रोप कुंडीतून थोडे वर उचलून पाहावे. मुळे हुंडीभोवती, म्हणजे कुंडीतल्या मुळांसह मातीच्या गोळ्याभोवती, गोल-गोल गुंडाळलेली, पेन्सिलीएवढी जाड झालेली असतील तर ती पुढे खोडालाच आवळतात. फांद्यांच्या टोकांना नखाने हलकेच खरवडल्यास खाली ओलसर हिरवा थर दिसायला हवा. फांद्या एकमेकींना घासत नाहीत ना, दोन मुख्य फांद्या अरुंद कोनात चिकटलेल्या नाहीत ना, हेही पाहावे. शक्य असेल तर खरेदी शरदात करावी, कारण प्रत्यक्ष रंग डोळ्यांनी पाहता येतो; चिठ्ठीवरच्या छायाचित्रावर विसंबण्याचे कारण राहत नाही.

बियांपासून वाढवले तर स्वस्त पडणार नाही का?

बियांपासून आलेले रोप मूळ झाडासारखे निघेलच असे नाही. बी रुजण्यासाठी काही महिने ओलसर थंडीत ठेवावे लागते आणि बसण्याजोगी सावली मिळायला दहा-पंधरा वर्षे जातात. हौस म्हणून अवश्य करावे, पण बैठकीची जागा त्या रोपावर अवलंबून ठेवू नये. निळ्या पानांच्या जपानी मेपलच्या बियांच्या जाहिराती हमखास दिसतात. निळ्या पानांचा जपानी मेपल अस्तित्वात नाही. ती छायाचित्रे रंगवलेली असतात.

लागवड कधी आणि कशी करावी?

पानगळीनंतरचा शरद किंवा पालवी फुटण्यापूर्वीचा वसंत हे दोन काळ योग्य आहेत. निचरा तपासण्यासाठी हातभर खोल खड्डा पाण्याने भरावा, ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच असेल तर त्या जागी उंच वाफा केल्याशिवाय मेपल लावू नये. खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण तिच्याइतकाच खोल असावा. गुंडाळलेली मुळे मोकळी करावीत, आणि खोड जिथे रुंदावून मुळांत मिसळते तो भाग जमिनीच्या पातळीपेक्षा दोन-चार सेंटिमीटर वरच राहील असे रोप बसवावे. खोल लावणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, आणि तिचे परिणाम पाच-सहा वर्षांनी दिसत असल्यामुळे दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. वरून झाडाच्या सालीचे किंवा पालापाचोळ्याचे पाच ते आठ सेंटिमीटर आच्छादन द्यावे. ते खोडाला टेकवू नये.

पाणी आणि खत किती द्यावे?

पहिली दोन-तीन वर्षे माती सतत किंचित ओलसर राहील असे पाणी द्यावे. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा दिवसाआड किंवा गरजेनुसार खोलवर भिजवावे. आच्छादनाखाली बोट घालून पाहणे हीच खरी चाचणी. वर्षातून एकदा वसंतात कुजलेल्या कंपोस्टचा थर पुरेसा असतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात खत दिल्यास कोवळी फूट थंडीत मरते.

पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरतडल्यासारख्या दिसतात. हा रोग आहे का?

बहुधा नाही. पानातून जेवढे पाणी उडते तेवढे मुळे पुरवू शकली नाहीत की कडा आधी वाळतात. कारणे चार असू शकतात: दुपारचे ऊन, कोरडा वारा, अनियमित पाणी किंवा पाण्यातील क्षार. करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही, पण झाड त्यामुळे मरतही नाही. दुपारचे पाणी पानांवर मारून उपयोग होत नाही. आच्छादन वाढवावे, वारा अडवावा, आणि दरवर्षी हेच घडत असेल तर सुप्तावस्थेत झाड हलवावे. उथळ मुळांमुळे लहान झाडे हलवणे फारसे अवघड जात नाही.

याउलट, एखादी संपूर्ण फांदी ऐन उन्हाळ्यात अचानक माना टाकत असेल तर ते गंभीर आहे. ती फांदी कापून लाकूड पाहावे. आत हिरवट-तपकिरी रेषा किंवा वलय दिसले तर व्हर्टिसिलियम या मातीतल्या बुरशीमुळे होणारा मर रोग असण्याची दाट शक्यता आहे. त्यावर औषध नाही. बाधित फांद्या काढाव्यात, हत्यारे प्रत्येक वेळी निर्जंतुक करावीत, पाणी नियमित ठेवावे. काही झाडे सावरतात. झाड गेलेच तर त्याच खड्ड्यात दुसरे मेपल लावू नये.

छाटणी कशी करावी?

जेवढी कमी तेवढी बरी. पाने गळल्यानंतर ऐन हिवाळ्यापर्यंत रचनात्मक छाटणी करता येते, आणि उन्हाळ्याच्या मध्यानंतर हलकी विरळणी करता येते. हिवाळा सरताना रस वर चढू लागतो, त्या वेळी कापल्यास जखमा ठिबकत राहतात, म्हणून तो काळ टाळावा. वाळलेली फांदी मात्र केव्हाही काढावी. फांदी जिथून निघते तिथला फुगीर कंगोरा शाबूत ठेवून कापावे, आणि शेंडे सरसकट कातरू नयेत. त्याने टोकांना काठ्यांचा झुबका येतो आणि आतली रचना हरवते.

बैठकीच्या झाडाची छाटणी शिडीवर चढून सुरू करू नये. आधी खुर्चीत बसावे, कोणती फांदी नजरेला अडते आणि कोणती काढली तर मागची भिंत उघडी पडेल हे पाहून तिला सुतळी बांधावी, आणि दुसऱ्या व्यक्तीला ती कापायला सांगावे. एका वर्षी पानांचा पाचवा हिस्सा काढला तरी ती मोठी छाटणी समजावी.

झाडाखाली हिरवळ किंवा इतर रोपे लावावीत का?

हिरवळ नको. ती वरच्या थरातले पाणी ओढते, आणि कापण्याचे यंत्र खोडाला इजा करते. नेचे, शेवाळ, होस्टा किंवा सावलीतले बुटके कंद लावावेत, पण झाड लहान असतानाच. नंतर खणल्यास उथळ मुळे तुटतात. बैठकीच्या बाजूला, जिथे पाय पडणार आहेत तिथे, काहीच न लावता नुसते आच्छादन ठेवणे सर्वांत सोयीचे ठरते.

एकच झाड लावावे की दोन-तीन वाणे एकत्र?

चार-पाच जणांच्या बैठकीला एक चांगले वाढलेले झाड पुरे असते. जागा मोठी असेल आणि दुसरे लावायचेच असेल, तर रंगापेक्षा आकारात फरक ठेवावा, जसे मागे उभट ‘ओसाकाझुकी’ आणि पुढे झुकते ‘विरिडिस’. लाल, सोनेरी आणि ठिपक्यांचे अशी तीन वाणे एकाच नजरेच्या टप्प्यात ठेवली की रोपवाटिकेतला मांडव वाटतो. दोन झाडांमध्ये, पूर्ण वाढीच्या घेरांची बेरीज निम्मी करून, तेवढे अंतर सोडावे. मधली रिकामी जागा पहिली काही वर्षे खटकलीच तर तिथे कुंड्या मांडता येतात, आणि झाडे भेटू लागली की त्या हलवता येतात.